क्लिच्कोचा डावा हात आणि त्याची मिठी

प्रश्नाचे दोन भाग आहेत. युक्रेनचा बॉक्सर व्लादिमीर क्लिच्को सलग साडेनऊ वर्षं हेवीवेटचा विजेता राहिला, तो केवळ समोर कुणी दमदार नव्हतं म्हणून का? आणि दुसरा भाग, जो जास्त कामाचा आहे: उंच, लांब हातांच्या मुलाने त्याच्या लढती बघून काय उचलावं आणि काय उचलू नये?

पहिल्याचं उत्तर लवकर देता येतं. त्या काळात हेवीवेट गट पातळ होता हे खरं, पण तेवढ्याने भागत नाही. त्याच पातळ गटात २००३ आणि २००४ मध्ये क्लिच्को स्वतः दोनदा आडवा झाला होता. पुढे गट फारसा बदलला नाही, बदलला तो क्लिच्को. दमसास आणि हनुवटी (म्हणजे मार सोसण्याची ताकद) या आपल्या दोन कच्च्या जागा त्याने मान्य केल्या आणि त्या झाकल्या जातील अशी पद्धत बांधली. तो ती अकरा वर्षं चालवत राहिला. ही पद्धत कशी बनली आणि शेवटी कुठे बंद पडली, हे समजलं की दुसऱ्या भागाचं उत्तर आपोआप हाती येतं.

आधी आकडे नीट वाचू. ६९ व्यावसायिक लढती, ६४ विजय, त्यात ५३ नॉकआउट, ५ पराभव. पाचपैकी चार पराभव लढत थांबवली गेल्यामुळे झाले: रॉस प्युरिटी (१९९८), कॉरी सँडर्स (२००३), लॅमन ब्रूस्टर (२००४) आणि अँथनी जोशुआ (२०१७). गुणांवर तो एकदाच हरला, २०१५ मध्ये टायसन फ्युरीकडून. म्हणजे या माणसाला गुणांवर हरवणं जवळपास अशक्य होतं, ठोसे मारून पाडणं मात्र शक्य होतं. असं रेकॉर्ड दिसलं की प्रशिक्षकाच्या डोक्यात पहिला विचार यायला हवा तो असा, की या खेळाडूला अंतर राखता आलं तर तो जिंकतो आणि अंतर मोडलं की कोसळतो.

क्लिच्कोची पहिली कारकीर्द घाईची होती. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये त्याने टोंगाच्या पेआ वोल्फग्रामला हरवून सुपर हेवीवेटचं सुवर्ण जिंकलं. त्याच वर्षी नोव्हेंबरात तो हॅम्बुर्गमध्ये व्यावसायिक झाला. डिसेंबर १९९८ मध्ये कीव्हला प्युरिटीसमोर उभा राहिला तेव्हा ती त्याची पंचविसावी लढत होती. पंचवीस महिन्यांत पंचवीस लढती, बहुतेक सगळ्या लवकर आटोपलेल्या. अशा वेळापत्रकात ताकद दिसते, विजयांचा आकडा फुगतो, पण आठव्या-नवव्या राउंडला शरीर काय म्हणतं हे कळतच नाही. प्युरिटी तेव्हा डझनाहून जास्त लढती हरलेला होता. त्याने फक्त मार खाल्ला, पाय रोवले आणि वाट पाहिली. अकराव्या राउंडच्या सुरुवातीलाच क्लिच्कोच्या कॉर्नरने, म्हणजे रिंगच्या कोपऱ्यात उभ्या असलेल्या त्याच्याच प्रशिक्षकांनी, लढत थांबवली.

इथे 'स्टॅमिना कमी होता' असं म्हणून सोडून देऊ नका. ऑलिंपिक विजेता, व्यायामात कसूर न करणारा माणूस दमतो, तेव्हा कारण बहुतेक वेळा फुप्फुसात नसतं. प्रत्येक ठोसा पूर्ण जोराने मारायचा, खांदे कानापर्यंत चढवून आवळून ठेवायचे, ठोसा मारताना श्वास रोखायचा, आणि समोरचा पडत नाही म्हटल्यावर आणखी जोर लावायचा. आवळलेला स्नायू विश्रांतीतही ऊर्जा खातो. शंभर किलोंवरच्या खेळाडूमध्ये हे दुपटीने जाणवतं, कारण हलवायला वजनही जास्त असतं. आपल्याकडचे मोठ्या चणीचे बॉक्सर तिसऱ्या राउंडला हात खाली सोडतात, त्यामागेही बहुधा हेच असतं. प्रशिक्षक त्यांना आणखी पळायला लावतात. उपाय पळण्यात नसतो, खांदे सैल करण्यात असतो.

ऑक्टोबर २००० मध्ये कोलोनला ख्रिस बर्डला हरवून त्याने डब्ल्यूबीओ या जागतिक संघटनेचा विजेतेपदाचा पट्टा (अशा संघटना अनेक, प्रत्येकीचा पट्टा वेगळा) घेतला आणि पाच वेळा राखला. मग मार्च २००३ मध्ये हॅनोव्हरला दक्षिण आफ्रिकेचा कॉरी सँडर्स आला. सँडर्स डावखुरा, गोल्फची आवड असलेला, सरावाच्या बाबतीत कुणी फार मानत नसे असा. पण डावा हात विजेसारखा. दोन राउंडांत क्लिच्को चार वेळा खाली गेला. ही लढत उंच मुलांना मुद्दाम दाखवावी. धोका दिसला की क्लिच्को सरळ रेषेत मागे जायचा, हनुवटी वर, हात अर्धवट पुढे. उंच माणसाला लहानपणापासून हीच सवय लागते, कारण बरोबरीच्या मुलांचा ठोसा मागे झुकलं की पोचतच नाही. पण डावखुऱ्याचा सरळ डावा हात मागचा हात असतो, तो लांबून येतो आणि खांद्याच्या पूर्ण फिरकीने येतो. मागे झुकलेली हनुवटी त्याच्या अगदी टोकाला सापडते, जिथे जोर सर्वांत जास्त असतो. मागे जायचंच तर एक पाऊल मागे आणि दुसरं बाजूला, तेही हनुवटी खांद्याआड ठेवून.

एप्रिल २००४ मध्ये लास व्हेगासला ब्रूस्टरसमोर पुन्हा प्युरिटीचीच गोष्ट झाली. चौथ्या राउंडला क्लिच्कोने ब्रूस्टरला पाडलं, पाचव्यात स्वतःच संपला आणि राउंड संपताना जमिनीवर कोसळला. नंतर या पराभवाची नाना कारणं सांगितली गेली. त्यांत न शिरता लढतीतले ठोसे बघा: पहिल्या चार राउंडांत जवळजवळ प्रत्येक ठोसा संपवण्याच्या इराद्याने मारलेला दिसतो. त्याच वर्षी डॅव्हॅरिल विल्यमसननेही त्याला एकदा खाली बसवलं. डोक्याला डोकं लागून झालेल्या जखमेमुळे ती लढत पाचव्या राउंडनंतर गुणपत्रिकेवर गेली, म्हणून विजय मिळाला. तेव्हा बहुतेक जाणकारांनी त्याचं नाव कागदावरून खोडून टाकलं होतं.

सावरलं ते इमॅन्युएल स्टुअर्ड यांनी. डेट्रॉइटच्या क्रोंक जिममधले हे प्रशिक्षक. उंच, लांब हातांचा बॉक्सर कसा घडवायचा हे त्यांनी थॉमस हर्न्स आणि लेनॉक्स लुइस या विजेत्यांबरोबर करून दाखवलं होतं. २००४ पासून ते क्लिच्कोसोबत होते. त्यांनी केलेले बदल वरकरणी किरकोळ वाटतात. वजन थोडं मागच्या पायावर, साधारण साठ-चाळीस. डावा हात गालापाशी चिकटवून न ठेवता पुढे, कोपरात किंचित वाकलेला, जवळजवळ समोरच्याच्या कपाळापर्यंत पोचलेला. उजवा हात हनुवटीला चिकटलेला, आणि तो क्वचितच सोडायचा. कॉम्बिनेशन लहान: एक ठोसा, दोन ठोसे, फार तर तीन. त्यानंतर एकतर मागे सरकायचं नाहीतर पकडायचं. मधल्या अंतरावर, जिथे दोघांचेही ठोसे पोचतात, तिथे थांबायचंच नाही.

या सगळ्याचा कणा म्हणजे जॅब, पुढच्या हाताचा सरळ, झटपट ठोसा. क्लिच्कोची उंची १९८ सेंटीमीटर, दोन्ही हात पसरल्यावरची लांबी २०६. त्याचा पुढे धरलेला डावा हात तीन कामं करायचा: अंतर मोजायचा, समोरच्याची नजर झाकायचा आणि त्याचा पुढचा हात खाली दाबायचा. मारण्याचं काम चौथं. म्हणून त्याचे कित्येक जॅब लागलेच नाहीत असं वाटतं, तरी समोरचा पुढे येत नाही. ग्लोव्ह डोळ्यांसमोर असेल तर उजवा हात कधी सुटला ते दिसत नाही, त्यामुळे तो थांबतो. थांबला की क्लिच्कोला हवं ते अंतर मिळालं.

जॅब नीट कसा शिकवायचा तेही सांगतो, कारण लोक लढती पाहून फक्त 'हात लांब करायचा' एवढंच उचलतात. दोन टाचांमधलं अंतर खांद्यांच्या रुंदीपेक्षा जरासं जास्त. उंच मुलं पाय फार फाकवतात, मग मागचा पाय वेळेवर येत नाही आणि ठोसा नुसता हाताचा उरतो. मागच्या पायाने जमीन ढकलायची, पुढचा पाय दहा-पंधरा सेंटीमीटर घसरवायचा, आणि पाय टेकतो त्याच क्षणी ग्लोव्ह लागला पाहिजे. पाय आधी टेकला तर समोरच्याला वर्दी मिळते, ग्लोव्ह आधी लागला तर वजन मागेच राहतं. कोपर शेवटपर्यंत खाली, मूठ फक्त शेवटच्या काही सेंटीमीटरात वळवायची. कोपर आधी बाहेर उघडलं की ठोसा सुटायच्या आतच दिसतो. खांदा वर येऊन हनुवटीला टेकला पाहिजे. परतताना हात आला त्याच रेषेत परत. सगळ्यांत जास्त चूक इथेच होते: मारून झाल्यावर हात कमरेकडे पडतो आणि त्याच मोकळ्या जागेतून समोरच्याचा उजवा हात येतो.

चूक तपासायला सोपा उपाय आहे. मुलाला आरशासमोर उभं करून तीन मिनिटं नुसता जॅब मारायला लावा आणि परत येणारा ग्लोव्ह कुठे थांबतो तेवढंच बघा. पहिल्या मिनिटाला गालाशी, दुसऱ्याला खांद्याशी, तिसऱ्याला छातीशी येत असेल तर जोर कमी करा, संख्या नको. साठ-सत्तर टक्के जोराने, प्रत्येक ठोशाला नाकातून छोटा श्वास सोडत, पुन्हा तीन राउंड. डबल एंड बॅगवर (वर-खाली दोरांनी ताणून बांधलेल्या छोट्या चेंडूवर) हे जास्त चांगलं कळतं. जड बॅग आळशी हातालाही दाद देते, डबल एंड बॅग परत येऊन तोंडावर आपटते.

जॅबमागून येणारा क्लिच्कोचा उजवा हात सगळ्यांना आठवतो. तो सरळ आणि छोट्या मार्गाने यायचा, कारण मूठ हनुवटीपाशीच असायची. मागची टाच बाहेर वळते, कंबर फिरते, आणि डोकं पुढच्या गुडघ्याच्या पुढे जात नाही. हा शेवटचा नियम उंच खेळाडूने पाळला नाही तर तो समोरच्याच्या अपरकटवर (खालून वर येणाऱ्या ठोशावर) स्वतःहून पडतो. त्याचा डावा हूक, म्हणजे कोपर वाकवून बाजूने येणारा ठोसा, मात्र लोक कमी बघतात, आणि माझ्या मते तोच त्याचा सर्वांत हुशार ठोसा. जॅब मारून हात पूर्ण मागे आणायचाच नाही. समोरचा उजव्या हाताला घाबरून आपलं डोकं स्वतःच्या उजवीकडे नेतो, आणि तिथे पुढेच राहिलेला डावा हात कोपरातून वळून हूक होतो. २००७ मध्ये मॅनहाइमला रे ऑस्टिन दोन राउंडांत गेला तो याच हाताने. नोव्हेंबर २०१४ मध्ये कुब्रात पुलेव्ह चार वेळा पडला, पाचव्या राउंडला उठला नाही, तोही याच हाताने.

आता मिठी, अर्थात क्लिंच. क्लिच्कोबद्दलची सगळी चिडचिड इथून सुरू होते आणि ती रास्त आहे. समोरचा जॅबच्या आत शिरला की क्लिच्को पुढे वाकून दोन्ही हात त्याच्या दंडांवरून घालायचा, काख बंद करायचा आणि आपलं ११० किलोंच्या आसपासचं वजन त्याच्या मानेवर आणि खांद्यांवर टाकायचा. रेफ्री सोडवेपर्यंत समोरच्याच्या मांड्या ते वजन उचलत असतात. राउंडमध्ये पाच-सहा वेळा असं झालं की सातव्या-आठव्या राउंडला त्याचे पाय जड होतात. तोवर क्लिच्कोला मात्र दर वेळी काही सेकंदांची विश्रांती मिळते. दमसासाची जुनी अडचण त्याने सोडवली ती बरीचशी इथे: ३६ मिनिटांची लढत त्याने तुकड्यांची करून टाकली.

यात नियमात बसणारं काय आणि न बसणारं काय? ठोसा चुकवून जवळ आल्यावर क्षणभर समोरच्याचे हात बांधणं रेफ्री चालवून घेतात. मान खाली दाबणं, वजन टाकून लोंबकळणं, एका हाताने धरून दुसऱ्याने मारणं, सरळ हाताने चेहरा ढकलून ठेवणं हे फाउल. क्लिच्को या रेषेवरून रोज ये-जा करायचा. ऑक्टोबर २०१३ मध्ये मॉस्कोला अलेक्झांडर पोवेत्किनसमोर तर तो बराच वेळ रेषेच्या पलीकडेच होता. पोवेत्किन चार वेळा खाली गेला, तिन्ही जजनी ११९-१०४ असे गुण दिले, आणि तरीही ती लढत पुन्हा बघावीशी वाटत नाही. रेफ्रीने गुण कापला तो थेट अकराव्या राउंडला. दुसऱ्या-तिसऱ्या राउंडलाच कापला असता तर क्लिच्कोला वेगळी लढत लढावी लागली असती.

म्हणूनच भारतातल्या हौशी स्पर्धांत लढणाऱ्या मुलाने ही मिठी शिकू नये. तिथे तीन मिनिटांचे तीनच राउंड असतात, रेफ्री पकडापकडीवर लगेच ताकीद देतो, आणि अधिकृत ताकीद मिळाली की गुण जातो. बारा राउंडांत एक गुण भरून निघतो, तिनात नाही. शिवाय समोरच्याचे पाय थकवायला जेवढा वेळ लागतो, तेवढा तिथे मिळतच नाही. राज्य स्पर्धेत उंच मुलं हटकून यात अडकतात: जॅब चुकला, समोरचा आत आला, घाबरून मिठी, ताकीद. त्यांना मिठीऐवजी बाजूचं पाऊल शिकवा: डाव्या हाताने समोरच्याच्या खांद्याला स्पर्श ठेवून डाव्या पायाने बाहेर, मग उजवा पाय मागून, आणि पुन्हा जॅबचं अंतर.

नवी पद्धत खरी ठरली ती २४ सप्टेंबर २००५ रोजी अटलांटिक सिटीत. समोर सॅम्युएल पीटर, तेव्हा अपराजित आणि भयंकर जोराचा. पाचव्या राउंडला क्लिच्को दोनदा खाली, दहाव्याला पुन्हा एकदा. जुना क्लिच्को असता तर पाचव्यातच संपला असता. या वेळी तो उठला, पकडलं, श्वास घेतला आणि पुन्हा जॅबवर गेला. शेवटच्या राउंडला उलट पीटर लटपटत होता. तिन्ही जजचे गुण ११४-१११. त्याच्या कारकिर्दीतली सर्वांत महत्त्वाची लढत कोणती असं विचारलं तर मी हेच नाव घेतो; पट्टा जिंकण्याच्या लढती त्यानंतर.

एप्रिल २००६ मध्ये मॅनहाइमला बर्डला पुन्हा हरवून त्याने आयबीएफ आणि आयबीओ या संघटनांचे पट्टे घेतले. तिथपासून नोव्हेंबर २०१५ पर्यंत १८ वेळा विजेतेपद राखलं. कंटाळवाणा म्हणणाऱ्यांनी हा हिशोब बघावा: १८ पैकी १३ लढती गुणांपर्यंत गेल्याच नाहीत. गुणांवर गेलेल्या पाच म्हणजे सुलतान इब्रागिमोव्ह, डेव्हिड हे, मारिउश वाख, पोवेत्किन आणि ब्रायंट जेनिंग्ज. यातली इब्रागिमोव्हची, फेब्रुवारी २००८ ची न्यूयॉर्कमधली लढत, खरोखर झोप आणते. तिचं कारण मात्र तांत्रिक आहे. इब्रागिमोव्ह डावखुरा होता. उजव्या आणि डाव्या पवित्र्यातल्या बॉक्सरचे पुढचे हात एकमेकांसमोर येतात, त्यामुळे जॅबची वाट बंद होते. सँडर्सची आठवण ताजी असलेल्या क्लिच्कोने बारा राउंड समोरच्याचा पुढचा हात खाली थोपटत काढले. बघणाऱ्यांना वैताग आला, पण डावखुऱ्याचा डावा हात एकदाही नीट सुटू दिला नाही. पुढच्या वर्षी गेल्झनकिर्शेनच्या स्टेडियममध्ये साठ हजारांवर लोकांसमोर रुस्लान चागाएव्ह या दुसऱ्या डावखुऱ्याला त्याने त्याच हाताने आधी गप्प केलं आणि मग झोडपलं. नवव्या राउंडनंतर चागाएव्ह उठला नाही.

गट पातळ असण्यात आणखी एक गोष्ट मोजायला हवी. त्या काळातला दुसरा सर्वांत चांगला हेवीवेट त्याचा सख्खा भाऊ व्हिताली होता, आणि एकमेकांशी लढणार नाही असा शब्द दोघांनी आईला दिला होता. जुलै २०११ मध्ये हॅम्बुर्गला डेव्हिड हे हरला आणि डब्ल्यूबीएचा पट्टा आला, तेव्हा डब्ल्यूबीसीचा व्हितालीकडे धरून मोठे सगळे पट्टे एकाच घरात होते.

ऑक्टोबर २०१२ मध्ये स्टुअर्ड वारले. कॉर्नरमध्ये त्यांची जागा त्यांचाच शिष्य जोनाथन बँक्सने घेतली. पुढची तीन वर्षं पद्धत चालू राहिली, पण राउंडच्या मध्ये 'आता उजवा सोड' असं दरडावणारा आवाज गेला. एप्रिल २०१५ मध्ये जेनिंग्जसमोर रेफ्रीने पकडण्याबद्दल गुण कापला आणि क्लिच्को लगेच बुजल्यासारखा दिसला. फ्युरीच्या लोकांनी ती लढत नक्कीच नीट पाहिली असणार.

२८ नोव्हेंबर २०१५, ड्युसेलडॉर्फ. टायसन फ्युरी २०६ सेंटीमीटर उंच, हात २१६. क्लिच्कोपेक्षा उंच आणि लांब हातांचा. पण केवळ लांबीने तो जिंकला नाही. वाखही उंच होता आणि बारा राउंड मार खाऊन गेला. फ्युरीने अंतर ठरवायचा हक्कच काढून घेतला. हात खाली, डोकं कमरेतून सतत हलतं, जॅबच्या टोकाच्या जरा बाहेर उभं राहणं, खांद्याने-डोळ्यांनी खोट्या हालचाली, मध्येच डाव्या पवित्र्यात जाणं. क्लिच्कोचा डावा हात म्हणजे शिंप्याची टेप. कपडा हलत राहिला तर माप घेणार कसं? माप मिळेना म्हणून उजवा सुटेना. मोजणीत क्लिच्कोचे २३१ पैकी ५२ ठोसे लागले, म्हणजे राउंडला चारच्या जरा वर. फ्युरीचे ३७१ पैकी ८६, राउंडला सातच्या जरा वर. दोन्ही आकडे फुटकळ आहेत, पण कुणी पडलं नाही तर राउंड जिंकणाऱ्याला १०, हरणाऱ्याला ९ असाच मोजला जातो आणि सात विरुद्ध चारमध्ये सातवाला जिंकतो. डोक्यामागे मारल्याबद्दल अकराव्या राउंडला फ्युरीचा गुण कापला गेला, तरी निकाल ११५-११२, ११५-११२, ११६-१११ त्याच्याच बाजूने.

इथे शिकण्यासारखं काय? एकाच ठोशावर सगळी इमारत उभी असेल तर तो ठोसा बंद झाल्यावर दुसरं काहीतरी हाताशी हवं. क्लिच्कोने पोटावर ठोसे जवळजवळ वर्ज्य केले होते, कारण खाली वाकलं की हनुवटी उघडी पडते. पण डोकं हलवणाऱ्या बॉक्सरचं पोट हलत नाही. छातीच्या खाली दोन जॅब गेले असते तर फ्युरीचे हात आणि पाय दोन्ही थांबले असते. उंच मुलाला पोटावरचा जॅब गुडघे वाकवून शिकवा, कमरेतून वाकून नाही. तो पहिल्या दिवसापासून शिकवा. नंतर त्याला वाकणं कमीपणाचं वाटू लागतं.

जोशुआसमोरची लढत वेगळी. २९ एप्रिल २०१७, वेम्ब्ली, नव्वद हजार प्रेक्षक, क्लिच्को ४१ वर्षांचा, समोरचा २७ चा. क्लिच्को या वेळी मिठीवर विसंबला नाही, पायांवर हलका राहिला, उजवा हात सोडत राहिला. पाचव्यात स्वतः पडला, सहाव्यात त्याच उजव्याने जोशुआला पाडलं. मग तो थांबला. जोशुआचे पाय गेले होते, श्वास तोंडाने चालला होता, आणि क्लिच्को पुढचे राउंड जॅबवर गुण जमवत बसला. त्याला दोष देणं सोपं आहे, पण प्युरिटी आणि ब्रूस्टर ज्याने भोगले आहेत तो समोरच्याला संपवायला धावणार नाही. अकराव्याला जोशुआचा उजवा अपरकट हनुवटीखाली लागला, मान मागे फेकली गेली. दोनदा खाली जाऊन क्लिच्को दोन्ही वेळा उठला, मग रेफ्रीने थांबवलं. तेव्हा दोन जज जोशुआच्या बाजूने होते, एक क्लिच्कोच्या. पुन्हा लढतीची सोय करारात होती. ती न वापरता ऑगस्ट २०१७ मध्ये त्याने निवृत्ती जाहीर केली.

हे सगळं जिममध्ये आणायचं तर आठवड्यातून दोन दिवस पुरतात. जमिनीवर रंगीत पट्टी लावा, मुलाच्या पुढच्या पायापासून त्याचा जॅब जेमतेम पोचेल तेवढ्या अंतरावर. कमी उंचीच्या जोडीदाराला छातीचं पॅड आणि हेडगार्ड घालून आत यायला सांगा. दोघांच्याही हातात १६ औंसाचे ग्लोव्ह. पहिले दोन राउंड मुलाला फक्त जॅब, तोही चेहरा आणि छाती आलटून पालटून. पट्टी ओलांडली गेली की बाजूचं पाऊल. तिसऱ्या राउंडला उजवा हात चालेल, पण जॅब लागल्यावरच. चौथ्याला जोडीदार डाव्या पवित्र्यात उभा राहील आणि तुमच्या मुलाचा पुढचा पाय त्याच्या पुढच्या पायाच्या बाहेर राहतो का तेवढंच तुम्ही बघायचं. मधल्या एका मिनिटात त्याचे खांदे हाताने दाबून बघा. दगडासारखे लागले तर पुढचा राउंड निम्म्या जोराने.

लढती बघायच्या तर आधी पीटरची २००५ मधली, मग पुलेव्ह, मग फ्युरी, या क्रमाने बघा. पहिल्यांदा आवाज बंद करून फक्त क्लिच्कोचा डावा ग्लोव्ह, दुसऱ्यांदा फक्त त्याचा मागचा पाय. पीटर आत धावतो तेव्हा तो पाय उशिरा सुटतो, पुलेव्हसमोर वेळेवर सुटतो, आणि फ्युरीसमोर कित्येक राउंड सुटतच नाही.